टीव्हीवरचं राजकीय व्यंग आणि बातमी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी टीव्हीवरच्या राजकीय व्यंगाबद्दल थोडंसं लिहिलं होतं. मुद्दा एवढाच होता की जिथे बातमीदार कामाला लागलेले असतात तिथेच चांगलं राजकीय व्यंग उभं राहतं, बातमीदार नसेल तर मागे उरते ती नुसती नक्कल. त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले, जास्त करून नाशिकमधून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून. सगळ्यांना उत्तर देणं जागेत बसत नाही, जमतील तेवढी घेतलीत. काहींनी नाव टाकू नका असं कळवलंय, म्हणून कोणाचंच टाकलेलं नाही.

प्रश्न: ताई, माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. घरी पेपर येतो तो उघडतही नाही, टीव्हीवर बातम्या लावल्या की उठून आत जातो. पण मोबाईलवर विनोदी कार्यक्रमांच्या क्लिपा तासन् तास बघतो आणि वर म्हणतो, मला राजकारण तुमच्यापेक्षा जास्त कळतं. असं खरंच कळतं का हो?
एक आई, इंदिरानगर

उत्तर: कळतं. सगळं नाही, पण कळतं, आणि हे मी मुलाची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. २०१० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कंपन्या आणि कामगार संघटना निवडणुकीच्या काळात स्वतंत्रपणे प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्च करू शकतात, फक्त उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. त्यातून सुपर पॅक नावाच्या, देणग्या गोळा करून असा प्रचार करणाऱ्या संस्था निघाल्या. आता हा विषय इतका कोरडा की पेपरवाल्यांनी छापला तरी चार ओळींच्या पुढे कोण वाचणार. तर स्टीफन कोल्बेअर नावाच्या विनोदी कार्यक्रमवाल्याने काय केलं, २०११ मध्ये स्वतःचा खराखुरा सुपर पॅक काढला, तिथल्या निवडणूक आयोगासमोर जाऊन परवानगी घेतली, आणि त्याच आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर यांना वकील म्हणून कार्यक्रमात बसवून कुठला फॉर्म भरला की काय करता येतं आणि देणगीदाराचं नाव कसं लपवता येतं ते एकेक करून लोकांसमोर करून दाखवलं. पुढे जानेवारी २०१२ मध्ये आपण स्वतःच निवडणुकीला उभं राहायचा विचार करतोय असं त्याने जाहीर केलं, मग उमेदवाराकडे सुपर पॅक कसा राहणार, म्हणून कॅमेऱ्यासमोर सही करून तो आपला मित्र आणि तसाच विनोदी कार्यक्रम करणारा जॉन स्टुअर्ट याच्या ताब्यात दिला. दोघं एकाच कार्यक्रमात शेजारी शेजारी बसलेत, आणि कायद्याच्या भाषेत संगनमत मात्र नाही. कायद्यातली फट म्हणजे काय ते लोकांनी डोळ्यांनी बघितलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राने यावर अभ्यास केला, तो २०१४ मध्ये आला, त्यात दिसलं की निवडणुकीतल्या पैशाचे नियम या कार्यक्रमाने प्रेक्षकांना नेहमीच्या बातम्यांपेक्षा जास्त चांगले शिकवले.

पण आपल्याकडचं बघा. निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी द्यायची सोय, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले. मार्चमध्ये स्टेट बँकेकडून आलेली माहिती निवडणूक आयोगाने वेबसाईटवर टाकली, तर आधी आल्या दोन वेगळ्या याद्या, एकीत कोणी रोखे घेतले आणि दुसरीत कुठल्या पक्षाने वटवले, कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते त्यातून जुळतच नव्हतं. रोख्यांचे नंबर कोर्टाने पुन्हा बजावल्यावर आले. मग पत्रकार आणि काही आकडेवारीवाले लोक बसले आणि त्यांनी हजारो नोंदी एकमेकींशी लावून बघितल्या, कुठली कंपनी, कधीची तारीख, त्याच्या आगेमागे त्या कंपनीवर कुठली धाड पडली का किंवा तिला कुठलं कंत्राट मिळालं का. हे झाल्यावरच त्यावर कोणी विनोद करू शकला. विनोद करणाऱ्याने ती यादी जुळवलेली नव्हती.

म्हणून मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेऊ नका, त्याच्याशेजारी बसून एखादी क्लिप बघा आणि हसून झालं की विचारा, अरे हा आकडा ह्यांना कुठे मिळाला असेल? चांगल्या कार्यक्रमात बहुतेक वेळा पडद्याच्या कोपऱ्यात पेपरचं नाव आणि तारीख असते. तिथून तो मूळ बातमीपर्यंत गेला तर तुमची काळजी मिटली, मग पेपर कागदावर वाचतो का मोबाईलवर याने काही फरक पडत नाही.

प्रश्न: मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला अमेरिकेतल्या टीव्हीवर राजकीय व्यंग करणाऱ्या जॉन ऑलिव्हरसारखं काम करायचंय. आमचे एक सर म्हणाले की ते पत्रकारितेत धरतच नाहीत. मग ते काय आहे? आणि मी शिकू काय?
विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर: तुझ्या सरांशी मी अर्धी सहमत आहे. जॉन ऑलिव्हर स्वतःही आपल्याला पत्रकार म्हणवून घेत नाही, जॉन स्टुअर्टही हेच सांगायचा, आम्ही विनोदवाले. पण काम बघ ना. ऑलिव्हरचा कार्यक्रम एप्रिल २०१४ मध्ये सुरू झाला, एका भागात एकच मोठा विषय, पंधरा-वीस मिनिटं तोच, आणि त्याच्या टीममध्ये नुसते लेखक नाहीत, संशोधन करणारे लोक आहेत ज्यांचं काम विनोद लिहिणं नसून प्रत्येक वाक्य तपासणं आहे. २०१४ च्या जूनमध्ये त्याने नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साईटना सारखी वागणूक या विषयावर, भाग केला आणि लोकांना सांगितलं की तिथल्या दूरसंचार आयोगाने हरकती मागवल्यात तर लिहा, तेव्हा त्या आयोगाच्या वेबसाईटवर एवढी गर्दी झाली की हरकती घेणारी यंत्रणा कोलमडली. नेट न्यूट्रॅलिटीचे नियम पुढच्या वर्षी फेब्रुवारीत झाले. आपल्याकडे २०१५ मध्ये हाच विषय ट्राय या दूरसंचार नियामकापुढे होता तेव्हा विनोदी व्हिडिओही फिरले आणि लाखो लोकांनी ट्रायला मेल केले, आणि ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या साईटला वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली. आता याला पत्रकारिता म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण लोकांना सरकारी कागद समजावून सांगणं हे बातमीदाराचंच काम होतं आणि ते दुसऱ्या कोणीतरी केलं.

जिथे मी स्टुअर्टच्या बाजूची नाही ती गोष्टही सांगते. ऑक्टोबर २००४ मध्ये तो सीएनएनच्या क्रॉसफायर या वादविवादाच्या कार्यक्रमात गेला आणि दोन्ही सूत्रसंचालकांना तोंडावर सांगितलं की तुम्ही जे करताय ती चर्चा नाहीये, हा देखावा आहे आणि त्याने देशाचं नुकसान होतंय. बरोबर बोलला, शंभर टक्के बरोबर. तो कार्यक्रम पुढच्या जानेवारीत बंद करायचं ठरलं. पण त्याच कार्यक्रमात त्याला उलट विचारलं गेलं की तुझ्याकडे अध्यक्षपदाचा उमेदवार जॉन केरी आला तेव्हा तू तरी कुठे कठीण प्रश्न विचारलेस, तर तो म्हणाला, माझ्या आधी लागतो तो बाहुल्यांचा कार्यक्रम आहे. हे मला पटत नाही. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून मत बनवतात तेव्हा जबाबदारी तुमच्यावर येते, ती विनोदाच्या मागे लपवता येत नाही. तुला या कामात पडायचं असेल तर हे आधीच मनाशी पक्कं कर.

आणि शिकायचं काय म्हणशील तर स्क्रिप्ट नंतर, आधी कागद वाचायला शीक. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शीक, २००५ चा कायदा आहे, साध्या कागदावर अर्ज होतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल वाच, विधानसभेतली तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायची, प्रश्नोत्तरं वाच, आपल्या महापालिकेचं बजेट गेल्या वर्षीच्या बजेटशेजारी ठेवून वाच. नाशिक महापालिकेत नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता, म्हणजे एवढ्या मोठ्या शहराचा पैसा खर्च होतोय आणि ज्याला जाब विचारायचा तो निवडून आलेला माणूसच खुर्चीत नाही. यावर आपल्याकडे किती कार्यक्रम झाले? विषय समोर पडलेला होता. जुनं फुटेज आणि कात्रणं तारखेवार जमवून ठेवायची सवय आत्तापासून लाव. स्टुअर्टच्या कार्यक्रमाची सगळी ताकद तिथेच होती, नेता आज काय म्हणाला आणि तोच नेता आधी काय म्हणाला होता, दोन्ही क्लिप एकापाठोपाठ. मध्ये बोलायचीही गरज पडायची नाही.

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे. कांदा महागला की सगळ्या चॅनलवर विनोद चालू होतात, कांद्याची माळ, तिजोरीत कांदा. भाव पडतो आणि आम्ही रस्त्यावर ओततो तेव्हा कोणालाच काही सुचत नाही. असल्या व्यंगाला तुम्ही चांगलं म्हणता का?
एक शेतकरी, निफाड

उत्तर: नाही दादा, अजिबात म्हणत नाही, आणि तुमचं पत्र आलं नसतं तर हा मुद्दा माझ्याकडून राहूनच गेला असता.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा लासलगावसह आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना, बंदी उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क होतंच, पुढे सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढलं. हे निर्णय घेणारे लोक आहेत, त्यांची भाषणं आहेत, आदल्या वर्षी काय बोलले आणि निवडणुकीच्या तोंडावर काय बोलले सगळं रेकॉर्डवर आहे. व्यंगाचं खरं गिऱ्हाईक तिथे बसलंय. त्याऐवजी कांद्याची माळ घातलेली बाई दाखवायची, याला मी आळस म्हणते. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला चिमटा बसला पाहिजे. ज्याच्या अंगावर निर्णय पडलाय त्याच्यावर हसणं म्हणजे मारणाऱ्याला मदत करणं.

जसपाल भट्टी यांचं काम आठवा, दूरदर्शनवर १९८९ चा त्यांचा फ्लॉप शो. त्यात सामान्य माणूस अडकलेला दिसायचा पण हसू यायचं ते कंत्राटदाराचं, साहेबाचं, ऑफिसातल्या लाचखोरीचं. ते टीव्हीवर यायच्या आधी चंदीगडच्या ट्रिब्यून पेपरात व्यंगचित्रं काढायचे, मला वाटतं त्यामुळेच कुठे बोट ठेवायचं ते त्यांना बरोबर कळायचं. लासलगावात उभं राहून असा एखादा कार्यक्रम कोणी केला तर बघायला मला फार आवडेल. त्यासाठी चॅनलचा बातमीदार लिलावाच्या वेळी तिथे हजर पाहिजे, भाव पडलेला असतानासुद्धा.

प्रश्न: मराठी चॅनलवर राजकीय व्यंगाचा दमदार कार्यक्रम का नाही? आपल्याकडे विनोदाची एवढी परंपरा आहे.
सेवानिवृत्त बँक कर्मचारी, पंचवटी

उत्तर: काका, परंपरा तर आहेच. वगात राजा, प्रधान, हवालदार उभे करून सत्तेची खिल्ली उडवणं आपल्या लोकांना टीव्हीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. वसंत सबनीसांच्या विच्छा माझी पुरी करा मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करायचे आणि प्रेक्षक त्यासाठीच पुन्हा यायचे. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकऱ्यांनी मार्मिक सुरू केलं तेव्हा प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आले होते. व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाला मुख्यमंत्री, विचार करा. हिंदी-इंग्रजीतही टीव्हीवर काही ना काही होत होतं, एनडीटीव्हीवर नेत्यांच्या बाहुल्या होत्या, १९९७ पासून शेखर सुमन रात्री येऊन दिवसभराच्या राजकारणावर बोलायचे.

मग अडतं कुठे? एक तर पैसा. चार पक्षांचे चार प्रवक्ते स्टुडिओत किंवा पडद्यावरच्या चौकोनात बसवून भांडायला लावणं स्वस्त पडतं. व्यंगाच्या अर्ध्या तासाला लेखक लागतात, संशोधक लागतात, फुटेज शोधणारे लागतात, वकील लागतो. आणि त्या चॅनलचा जाहिरातीचा मोठा वाटा जर सरकारकडून येत असेल किंवा मालकाचे दुसरे धंदे सरकारी परवानगीवर चालत असतील तर तो वकील सगळ्यात आधी म्हणणार, राहू द्या. रशियात एनटीव्ही चॅनलवर १९९४ पासून कुक्ली नावाचा बाहुल्यांचा कार्यक्रम होता, येल्त्सिनपासून सगळ्यांच्या बाहुल्या. पुतिन आल्यावर त्यांची बाहुली खटकायला लागली, २००१ मध्ये चॅनलच सरकारच्या ताब्यातल्या गॅझप्रॉमकडे गेलं, २००२ मध्ये कार्यक्रम संपला. तिथे बाहुल्यांवर बंदीचा कायदा करावा लागला नाही, मालक बदलला तेवढं पुरलं.

दुसरं कारण आपलं प्रेक्षकांचं. आपल्याला नक्कल फार आवडते. नेत्याचा आवाज काढला, चालणं दाखवलं, तकियाकलाम बोलून दाखवला की आपण टाळ्या वाजवतो आणि तो नेताही पहिल्या रांगेत बसून हसतो. कारण त्यात त्याला काही लागतच नाही, उलट तो माणूस म्हणून लोकांना जवळचा वाटायला लागतो. आवाजाऐवजी त्याच्या सहीची, त्याने काढलेल्या जीआरची नक्कल करा, मग बघा किती हसतो ते. नक्कल करणारे कलाकार आपल्याकडे अफाट गुणी आहेत, त्यांना कोणीतरी जीआर वाचून देणारा माणूस पाहिजे.

प्रश्न: व्यंग केलं म्हणून केस होऊ शकते का? कायदा काय सांगतो?
वाचक, सातपूर

उत्तर: होऊ शकते, होतेही. घटनेच्या कलम १९(१)(अ) ने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि १९(२) ने त्याला वाजवी बंधनं घातलीत, त्यात अब्रुनुकसानी येते, सार्वजनिक सुव्यवस्था येते. अब्रुनुकसानी आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम कायम ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आलंय. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली होती, नंतर त्याच प्रकरणात मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की सरकारवर कडक टीका म्हणजे राजद्रोह नाही, हिंसेला चिथावणी पाहिजे. केंद्राने सरकारी फॅक्ट चेक युनिट काढायचं ठरवलं होतं, सरकारी कामाबद्दलचा कुठला मजकूर खोटा ते सरकारच ठरवणार, त्याला विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. हायकोर्टातल्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, तिसऱ्या न्यायाधीशांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की पत्रकारांच्या काही संघटनासुद्धा त्याच केसमध्ये याचिकाकर्त्या होत्या. विनोद करणारा आणि बातमी देणारा, दोघांची अडचण एकच होती.

इजिप्तमधल्या बासेम युसूफची गोष्ट अनेकांनी विचारलीये. हृदयाचा सर्जन, २०११ च्या क्रांतीनंतर यूट्यूबवर सुरुवात केली आणि मग टीव्हीवर अख्खा देश त्याला बघायला लागला. मार्च २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सींच्या सरकारच्या काळात त्याला चौकशीला बोलावलं. मोर्सी गेले, लष्कराचं राज्य आलं, तरी कार्यक्रम टिकला नाहीच, २०१४ मध्ये बंद झाला.

प्रश्न: विनोद म्हणून केलेली खोटी बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर खरी म्हणून फिरली. दोष कोणाचा?
वाचक, नाशिकरोड

उत्तर: पुढे ढकलणाऱ्याचा. २०१२ मध्ये चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पीपल्स डेली या पेपराच्या वेबसाईटने द ओनियन या अमेरिकन व्यंग प्रकाशनातली किम जोंग उन सर्वात देखणा पुरुष ही थट्टा खरी समजून भलीमोठी फोटो गॅलरी लावली होती. ते तर पेपर चालवणारे लोक. फॉरवर्ड करायच्या आधी ती बातमी निदान दुसऱ्या एका ठिकाणी शोधा.

प्रश्न: आमच्या गणेश मंडळाने यंदा देखाव्यात न्यूज चॅनलचा स्टुडिओ करून राजकीय व्यंग दाखवायचं ठरवलंय, विषय शहरातले रस्ते आणि सिंहस्थाची कामं. काय काळजी घेऊ?
कार्यकर्ता, सिडको

उत्तर: कल्पना मला मनापासून आवडली. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, कामांची टेंडरं, मुदती, आश्वासनं सगळं जाहीर झालेलं आहे, म्हणजे तुम्हाला काही रचावं लागणार नाही. एखादं काम निवडा, एकच. ते कधी जाहीर झालं, मुदत कधीची होती, पैसा किती, आज जागेवर काय आहे, एवढं कागदावरून काढा आणि फोटो तुमच्याच पोरांनी जाऊन काढावेत. कोणाच्या रंगावर, बोलण्यातल्या दोषावर, जातीवर, घरच्या बायकांवर एक वाक्यसुद्धा नको, त्याने हशा मिळतो आणि मूळ विषय मरतो. सगळ्या पक्षांच्या काळातली आश्वासनं घ्या, एकाच पक्षाची घेतलीत तर लोक म्हणतील वर्गणी कोणी दिली ते कळलं. ज्या खात्याचं काम आहे त्यांना आधी लेखी विचारा आणि उत्तर आलं तर तेही देखाव्यात लावा, नाही आलं तर अर्जाची पोच लावा. पोलिसांच्या परवानगीच्या अर्जाला स्क्रिप्ट जोडा. आणि प्रत्येक फोटोखाली तारीख आणि ठिकाण मोठ्या अक्षरात लिहा, रात्री दहाच्या गर्दीत रांगेतून पुढे सरकणाऱ्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या.